इंग्रजीत नाराजी सांगायची तर कुठला शब्द घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत टीका करायची म्हटली, नापसंती दाखवायची म्हटली की बॅड, राँग आणि नॉट गुड याच्या पुढे काही सुचत नाही, म्हणून मोबाईलवरून क्रिटिसाइझ, कंडेम, डिनाउन्स, ब्लेम, रिप्रिमांड, सेन्शर अशी मोठी यादी पाठ केली, आणि मग कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पाठवणाऱ्या सप्लायरला मेलमध्ये "वी कंडेम युवर मटेरियल" असं लिहिलं तर तिकडून थेट मालकाचा फोन आला की आम्ही असं काय केलं. आता बेळगावच्या उद्यमबागेतल्या तुमच्या कंपनीत जर्मन कस्टमर ऑडिटला, म्हणजे कामाची तपासणी करायला, येणार आहे, त्याच्या आत कुठला शब्द कधी वापरायचा ते समजून घ्यायचंय.

मी टिळकवाडीत इंग्रजीचे क्लास घेते, बरीच वर्षं झाली, आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा इकडच्या कारखान्यांत जाऊनही शिकवते. क्वालिटी आणि परचेसमधली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, कारण त्यांचं निम्मं कामच मुळी "हे चाललं नाही" असं सांगण्याचं असतं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे तुमच्याकडे शब्द कमी आहेत असं मला वाटत नाही. अडचण ही आहे की पाठ केलेली यादी एका कामाची आहे आणि तुम्हाला काम दुसरंच करायचंय. मराठीत बघा, साहेब कुणाला केबिनमध्ये बोलावून "मी तुझी कानउघाडणी करतो" असं म्हणतात का? नाही म्हणत. ते सरळ बोलायला लागतात, "रिपोर्ट कुठाय, काल का दिला नाही, किती वेळा सांगायचं", आणि तो बाहेर आला की आपण म्हणतो साहेबांनी याची कानउघाडणी केली. म्हणजे कानउघाडणी हा शब्द झालेली गोष्ट तिसऱ्याला सांगायला लागतो, ती गोष्ट करताना लागत नाही. इंग्रजीत क्रिटिसाइझ, रिप्रिमांड, रिब्यूक हे सगळे असेच सांगायचे शब्द आहेत. "द मॅनेजर क्रिटिसाइझ्ड द रिपोर्ट" हे बरोबर, पण मॅनेजर स्वतः रिपोर्ट हातात घेऊन "आय क्रिटिसाइझ युवर रिपोर्ट" असं म्हणत नाही, तो म्हणतो "द फिगर्स ऑन पेज टू डोन्ट मॅच". मेलमध्ये तुम्हाला हे दुसऱ्या प्रकारचं इंग्रजी पाहिजे आणि ते कुठल्या यादीत मिळत नाही.

याला थोडे अपवाद आहेत. ऑब्जेक्ट, प्रोटेस्ट, कंडेम, डिनाउन्स असे काही शब्द स्वतःच्या तोंडून काढले की तेवढ्यानंच ते काम होतं. वकील "आय ऑब्जेक्ट" म्हणतो, तिथे आक्षेप नोंदला गेला. एखादं सरकार "वी कंडेम धिस ॲटॅक" म्हणतं, तिथे निषेध झाला. तुमचा मेल नेमका इथेच फसला. कंडेम म्हणजे एखादं कृत्य नीतीच्या दृष्टीनं अतिशय वाईट आहे असं जाहीरपणे म्हणणं, हल्ला, छळ, खून असल्या गोष्टींबद्दल. सप्लायरनं ते वाचलं तर त्याला वाटणारच की आपण काहीतरी गुन्हा केलाय.

पण तुम्ही तो शब्द का उचलला तेही मला समजतं. आपल्याकडे "गाडी कंडम झाली", "मशीन कंडम काढलं" असं रोज म्हणतात, आणि तो कंडम या कंडेमवरूनच आलाय. रेल्वेत, लष्करात, सरकारी स्टोअरमध्ये वापरायला नालायक ठरलेला माल अधिकृतपणे कंडेम करतात, पडायला आलेली इमारतसुद्धा कंडेम होते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, घराघरात माजी सैनिक, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे चांगलाच रुळलाय. तेव्हा तुमच्या डोक्यात "माल बाद" होतं आणि तुम्ही कंडेम लिहिलंत, ते अगदीच हवेतून नव्हतं. फक्त तो अर्थ जुन्या, निकामी झालेल्या वस्तूला निकाली काढण्याचा आहे. नवीन आलेला माल नको म्हणायला साधा रिजेक्ट पुरतो.

आता सांगायच्या शब्दांकडे येते, कारण तेही लागतात, ऑडिटच्या वेळी "मागच्या वेळी काय झालं" हे इंग्रजीत सांगावं लागतंच. इथे मी मुलांना इंग्रजी व्याख्या पाठ करायला लावत नाही, आपल्या मराठीत या बाबतीत इतके बारीक शब्द आहेत की आधी मनात मराठी शब्द पक्का करा, इंग्रजी त्याच्या मागून येतो. ठपका ठेवला म्हणजे सेन्शर. हा हुद्द्यानं मोठ्यानं, अधिकृतपणे, बहुतेक लेखी ठेवलेला असतो, केंद्र सरकारी नोकरांच्या शिस्तीच्या 1965 च्या नियमांत किरकोळ शिक्षांमध्ये पहिलीच शिक्षा सेन्शर ही आहे. कोर्टानं ताशेरे ओढले म्हणजे पास्ड स्ट्रिक्चर्स. साहेबांनी ताकीद दिली, तंबी दिली, ऑफिसच्या रीतीनं, म्हणजे रिप्रिमांड. धारेवर धरलं, जाब विचारला, म्हणजे टूक हिम टू टास्क. झापलं म्हणजे टोल्ड हिम ऑफ, हे बोलण्यातलं, मेलमध्ये घेऊ नका. नावं ठेवतो म्हणजे फाइंड्स फॉल्ट, आणि उगाच खुसपटं काढतो म्हणजे निटपिक्स. टोमणा मारला याला लोक टॉन्ट म्हणतात पण इंग्रजीत टॉन्ट बराच क्रूर आहे, मुद्दाम चिडवून दुखावणं, आपला घरगुती टोमणा असेल तर मेड अ डिग ॲट मी बरं.

सेन्शर लिहिताना मात्र स्पेलिंग बघा. सिनेमाला कात्री लावणारा सेन्सर वेगळा, आणि तुमच्या मशीनवरचा सेन्सर तिसराच. हे दोन सेन्सर कानाला सारखेच लागतात, ठपक्याच्या शब्दात मात्र "श" आहे.

ब्लेम, क्रिटिसाइझ आणि ॲक्यूज या तिघांत मुलं सगळ्यात जास्त घोळ घालतात आणि तुम्हीही यादीत तिन्ही एकाच ओळीत लिहिलेत. तुमच्याच शॉप फ्लोअरचं उदाहरण घेऊ. लॉट रिजेक्ट झाला आणि सुपरवायझर म्हणाला हे ऑपरेटरमुळे झालं, तर तो ब्लेम. काहीतरी वाईट घडून गेलंय आणि त्याची जबाबदारी कुणाच्या तरी खात्यावर टाकायची आहे. सुपरवायझर म्हणाला सेटिंग करायची ही पद्धतच बरोबर नाही, तर क्रिटिसाइझ. इथे काही बिघडलेलं असायलाच पाहिजे असं नाही, कामाच्या दर्जाबद्दलचं मत आहे ते. आणि सुपरवायझर म्हणाला यानं रिपोर्टमधली रीडिंग बदलली, तर ॲक्यूज, हा आरोप झाला, माणसानं जाणूनबुजून चूक केली असं म्हणणं झालं आणि ते सिद्ध करायची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. म्हणून मेलमध्ये यू चेंज्ड, यू हिड, यू डिडन्ट टेल अस असलं काही लिहिताना दहा वेळा विचार करा, तुम्हाला वाटत असतं आपण तक्रार करतोय आणि वाचणाऱ्याला आरोप दिसतो.

क्रिटिकल हा शब्दही जपून. ड्रॉइंगवर क्रिटिकल डायमेन्शन असतं तिथे अर्थ अत्यंत महत्त्वाचं, दवाखान्यात पेशंट क्रिटिकल असतो तिथे जीवाचा धोका, आणि टीका करतोय म्हणायचं असेल तर पुढे ऑफ पाहिजे, "ही वॉज क्रिटिकल ऑफ अवर पॅकिंग". नुसतं "अवर कस्टमर इज क्रिटिकल" लिहिलंत तर हा कस्टमर आपल्यासाठी महत्त्वाचा आहे असा अर्थ निघेल.

आता खास आपल्या भागातली एक अडचण, पुण्यामुंबईच्या मुलांना ही येत नाही. आपण मराठी बोलतो, बस आणि ऑफिसात कन्नड, पेपर दोन्ही बघतो. टीका हा शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखा, तिथे काही अडत नाही. पण मराठीत खंडन म्हणजे समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं, इंग्रजीत रिफ्यूट, आणि कन्नड पेपरात "खंडिसिदरु" आलं की अर्थ निषेध केला, म्हणजे कंडेम्ड. आणि आपला निषेध तिकडे गेला की बंदी होतो, कलम लागू झालं की कन्नड बातमीत "निषेधाज्ञे" असते ती जमावबंदी. त्यामुळे एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापना दिनी, मराठी पेपरात जी निषेध फेरी छापून येते ती कन्नड माध्यमातून शिकलेल्या मुलाला भलतीच वाटू शकते, आणि मराठी मुलगा तिचं इंग्रजी कंडेम्नेशन रॅली असं करतो. ते प्रोटेस्ट मार्च. आमच्या क्लासमध्ये चिकोडी, संकेश्वरकडची मुलं असतात त्यांना मी सांगते की इंग्रजी शब्द शोधायच्या आधी स्वतःला विचार, हा शब्द मी आत्ता कुठल्या भाषेत धरलाय. उलट कन्नडची मदतही होते, "तराटेगे तेगेदुकोंडरु" ज्याला माहीत आहे त्याला टूक हिम टू टास्क शिकवायला काही कष्टच पडत नाहीत, रचनासुद्धा जवळजवळ तीच.

आणखी एक शब्द जो आपण सगळे बोलतो तो फायर. "साहेबांनी मला फायर केलं" म्हणजे आपल्याकडे साहेब ओरडले. इंग्रजीत बाहेरचा कुणीही ऐकेल तर तो समजेल नोकरीवरून काढलं. ऑडिटरसमोर "माय मॅनेजर फायर्ड द ऑपरेटर" असं गेलं तर तो त्या ऑपरेटरच्या जागी आता कोण आहे, त्याचं ट्रेनिंग झालंय का हे विचारत बसेल. स्कोल्डेड म्हणाल तर तेही आईनं मुलाला रागावल्यासारखं लागतं, मोठ्या माणसांत साधं "द मॅनेजर स्पोक टू हिम अबाउट इट" पुरतं, यात रागावणं आत आहेच.

मराठीतून सरळ उचलल्यामुळे पुढचे छोटे शब्द चुकतात ते एका दमात सांगून टाकते. माझ्यावर ओरडले याचं शाउटेड ऑन मी होतं, पाहिजे शाउटेड ॲट मी. माझ्यावर ढकललं याचं ब्लेम्ड ऑन मी होतं, पाहिजे ब्लेम्ड मी फॉर इट किंवा ब्लेम्ड इट ऑन मी. डिसअप्रूव्हच्या पुढे ऑफ, ॲक्यूजच्या पुढेही ऑफ, क्रिटिसाइझच्या पुढे फॉर, ऑब्जेक्टच्या पुढे टू, आणि कम्प्लेन माणसाकडे टू, गोष्टीबद्दल अबाउट. डिप्लोअर माणसाला लागत नाही, परिस्थितीला किंवा वागण्याला लागतो. आणि पेपरच्या मथळ्यात येणारे स्लॅम्स, फ्लेज, ब्लास्ट्स हे जागा वाचवायला घेतलेले छोटे शब्द आहेत, ते मथळ्यातच राहू देत, "अवर कस्टमर स्लॅम्ड अस" हे मिनिट्स ऑफ मीटिंगमध्ये मी स्वतः वाचलंय आणि ते बदलायला लावलंय.

इथपर्यंतचं थोडक्यात, कंडेम नको रिजेक्ट पाहिजे, ब्लेम आणि ॲक्यूज तिसऱ्याला सांगताना पण सप्लायरला लिहिताना नको, आणि कुठल्याही शब्दाआधी तो कोण कुणाला म्हणतोय हे बघायचं.

आता प्रत्यक्ष टीका करायची कशी. मी एकच गोष्ट धरून बसते, वाक्याच्या सुरुवातीला माणूस ठेवू नका, वस्तू ठेवा. "यू सेंट राँग पार्ट्स" मध्ये पहिला शब्द यू, बोट त्याच्याकडे. "द पार्ट्स वी रिसीव्ह्ड डू नॉट मॅच द ड्रॉइंग" मध्ये बोट ड्रॉइंगकडे. माहिती तीच, एक अक्षर कमी सांगितलं नाही. दुसरं, बॅड आणि पुअर असल्या शब्दांच्या जागी मोजलेलं लिहा. बॅड म्हटलं की तो गुड म्हणून भांडू शकतो, पण बोअर, म्हणजे आतलं भोक, इतक्या मायक्रॉननं मोठा आहे म्हटलं की भांडायचं तर त्यालाही गेज घेऊन बसावं लागतं. क्वालिटीच्या माणसाकडे ही सोय आहे जी वकिलाकडे, पुढाऱ्याकडे नाही, तुमची नापसंती आकड्यात सांगता येते, ती वापरा. आणि ब्लो होल, सँड इन्क्लूजन, कोल्ड शट हे कास्टिंगमधल्या दोषांचे शब्द फाउंड्रीवाल्याला कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त समजतात.

काही लोक शिकवतात की आधी कौतुक करा, मग दोष सांगा, मग परत कौतुक. समोरासमोर, नवीन मुलाशी बोलताना ते ठीक आहे. मेलमध्ये मला ते पटत नाही, कारण घाईत वाचणारा पहिली ओळ वाचतो आणि शेवटची वाचतो, दोन्हीकडे कौतुक बघून मेल बंद करतो, आणि तुमचा रिजेक्ट झालेला लॉट मध्येच राहतो.

किती कडक लिहायचं हे मात्र परिस्थितीवर आहे, त्याला एक उत्तर नाही. सप्लायर जुना आहे का, ही पहिली वेळ का तिसरी, तुमच्या लाइनला माल थांबलाय का, सीसीमध्ये कोण आहे. पहिल्या वेळी "वी नोटिस्ड", दुसऱ्यांदा "वी आर कन्सर्न्ड दॅट धिस हॅज हॅपन्ड अगेन", आणि मग "धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल". हा शेवटचा एकदा वापरला की त्याच्या वर चढायला फारशी जागा उरत नाही, म्हणून तो साहेबांना विचारूनच. आणि सीसीमध्ये त्याचा मालक असेल तर तेच शब्द एक पायरी कडक लागतात हे लक्षात ठेवा, आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, चार लोकांत बोललेलं जास्त लागतं.

समोरचा माणूस कुठला आहे त्यानंही फरक पडतो. सगळे सारखे नसतात पण साधारण कल सांगते. ब्रिटिश माणूस "आय ॲम अ बिट कन्सर्न्ड" म्हणाला तर ते अ बिट धरून बसू नका, तो बऱ्यापैकी काळजीत असू शकतो, आणि त्याचं क्वाइट गुड हे बरेचदा आपलं ठीकठाक असतं, तर नॉट बॅड मात्र चक्क कौतुक. जर्मन लोकांबरोबर काम केलेली इथली मंडळी सांगतात की ते सरळ "धिस इज राँग" म्हणतात, आवाज चढवत नाहीत, हसत नाहीत, आणि दहा मिनिटांनी तुमच्याबरोबर निवांत चहा पितात. ते पार्टबद्दल बोललेले असतात. आपली मुलं ते मनाला लावून घेतात आणि उत्तरादाखल सॉरी सर, सॉरी सर करत राहतात, तसं करू नका. "यू आर राइट, वी विल चेक धिस अँड कम बॅक टू यू बाय थ्री ओक्लॉक" एवढं म्हणा, आणि तीनला खरंच जा.

ऑडिटमध्ये तर नापसंतीचे शब्द आधीच ठरलेले असतात, मेजर नॉन-कन्फॉर्मिटी, मायनर नॉन-कन्फॉर्मिटी (ठरलेल्या अटीत न बसणं, मोठं किंवा किरकोळ), ऑब्झर्व्हेशन, ऑपॉर्च्युनिटी फॉर इम्प्रूव्हमेंट. ऑब्झर्व्हेशन ऐकून नुसतं निरीक्षण समजून सोडू नका, आज चाललं पण लक्ष दिलं नाही तर पुढे नॉन-कन्फॉर्मिटी होऊ शकते असा त्याचा रोख बहुतेक असतो. तुम्हालाही बोलताना हेच शब्द घेता येतात, "वी ट्रीट धिस ॲज अ नॉन-कन्फॉर्मिटी", यात राग नाही, अपमान नाही, तरी माल पास नाही हे स्वच्छ कळतं. तुमच्या कामासाठी यादीतल्या सगळ्या शब्दांपेक्षा हा एक जास्त उपयोगाचा आहे.

तुमचा तो मेल मी असा लिहिला असता, आकडे उदाहरणादाखल घेतलेत:

"वी इन्स्पेक्टेड द फिफ्टी कास्टिंग्ज रिसीव्ह्ड ऑन मंडे. सेव्हन हॅव ब्लो होल्स ऑन द मशीन्ड फेस अँड डू नॉट मीट द ड्रॉइंग. वी हॅव रिजेक्टेड दीज सेव्हन अँड केप्ट देम असाइड फॉर युवर इन्स्पेक्शन. फोटोज आर अटॅच्ड. प्लीज सेंड अस द रूट कॉज अँड द डेट फॉर रिप्लेसमेंट बाय फ्रायडे."

यात बॅड नाही, राँग नाही, यू नं सुरू होणारं एकही वाक्य नाही. सात पीस बाजूला ठेवलेत हे मुद्दाम लिहिलंय, म्हणजे त्याला येऊन स्वतः बघता येईल आणि तुम्ही लपवताय असं वाटणार नाही. शेवटच्या वाक्यातली तारीख काढू नका, ती नसेल तर प्लीज नुसतं प्लीजच राहतं आणि रिप्लेसमेंटसाठी तुम्हाला परत दुसरा मेल लिहावा लागतो, तो मग चिडून लिहिला जातो.

ऑडिटच्या आधी तुमच्याकडचे दोन-तीन जुने मेल असे बदलून बघा, आणि पाहिजे तर कंपनीचं नाव, पार्ट नंबर काढून इथे टाका, मी बघून सांगते.